वाढत्या अंगाची मापे

गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या तोंडून एकच काळजी इतक्या निरनिराळ्या शब्दांत ऐकली आहे की, तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आता मला आवश्यक वाटते. ‘पाळी लवकर आली म्हणून माझे पाय आखूड राहिले का?’, ‘नववीत जिम लावली, त्यानेच उंची खुंटली का?’, ‘माझे खांदे मुलांसारखे रुंद का झाले?’, ‘हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र सुटलेले, हे माझ्याच वाट्याला का?’ प्रश्न शरीराच्या ठेवणीविषयी असतात, पण विचारणाऱ्याचा स्वर कुतूहलाचा नसतो. लहानपणी कोणाची तरी चूक झाली, तिची शिक्षा आपण आज भोगत आहोत आणि ती चूक नेमकी कोणाची हे एकदा ठरले की आपल्याला स्वस्थता मिळेल, अशी काहीशी खात्री त्या स्वरात असते.

अशा अनेकांपैकी एकीची हकिगत तिच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि चार महिन्यांची भेटसत्रे येथे मोजक्या संवादांत आणली आहेत.

केतकी चोवीस वर्षांची, खराडीतील एका कंपनीत नोकरी करणारी. नारायण पेठेतील जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत तिचे घर होते आणि आई घरीच शिवणकाम करीत असे. विवाहमंडळात नाव नोंदवण्यासाठी उभा फोटो हवा होता आणि केतकी आठ महिने तो काढूच देत नव्हती. घरच्यांची समजूत अशी झाली की, हिचे बाहेर कुठेतरी जमले आहे. आईने तिला माझ्याकडे पाठवले ते त्या संशयापोटी.

“फोटोत काय दिसेल, याची भीती वाटते?” मी विचारले.

“धड लांब आणि पाय आखूड. मी बसलेली असले की सगळ्यांएवढी दिसते, उभी राहिले की कमी पडते.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “अकरावीत असताना लक्ष्मी रोडवर पँट घ्यायला गेले होते. दुकानातला माणूस आईला म्हणाला, हिला खालून चार इंच कापावी लागेल. सगळ्यांसमोर. तेव्हापासून मी एकही पँट दुकानात घालून बघितली नाही.”

सात वर्षे ती मापाविना, अंदाजाने कपडे घेत होती आणि आईकडून शिवून घेण्याचेही तिने बंद केले होते. या सात वर्षांत तिने कारणही शोधून ठेवले होते. दहा वर्षे चार महिन्यांची असताना तिला पाळी आली होती. त्याआधी सुट्टीच्या दिवशी ती आईच्या पायमशीनवर बसून पाय मारीत असे.

“चौथीत मी प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहायचे, मॅडम. आठवीत पहिली आले. माझा भाऊ बघा, त्याला सगळे काडी म्हणायचे, तो दहावीनंतर सुटला. एकाच घरात, एकाच ताटात जेवलो आम्ही. आईला कळायला हवं होतं. पाळी पुढे ढकलायची इंजेक्शनं असतात, मी वाचलंय.”

समुपदेशकाने अशा वेळी केवळ धीर देऊ नये, असे माझे मत आहे. ज्या शरीराविषयी बोलायचे त्याची खरी माहिती आधी टेबलावर आली पाहिजे. म्हणून मी तिला एका अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे एकदा जाऊन येण्यास सांगितले. ती परतली तेव्हा तिच्याजवळ कागद होता: उभी उंची १५१ सेंटीमीटर, बसून मोजलेली उंची ८० सेंटीमीटर. म्हणजे डोके आणि धड मिळून ५३ टक्के. प्रौढ माणसात हा वाटा सुमारे ५२ टक्के असतो आणि दोन्ही बाजूंना थोडाफार फरक असणे स्वाभाविक मानले जाते. डॉक्टरांनी आणखी एक साधे गणित मांडून दिले होते. मुलीची अपेक्षित उंची काढण्यासाठी वडिलांच्या उंचीतून १३ सेंटीमीटर वजा करतात, त्यात आईची उंची मिळवतात आणि निम्मे करतात. मुलासाठी १३ वजा करण्याऐवजी मिळवतात. वडील १६८, आई १५०. केतकीसाठी उत्तर येते १५२.५. या आकड्याच्या दोन्ही बाजूंना आठ-साडेआठ सेंटीमीटरांचे अंतर गृहीत धरलेले असते, त्यामुळे केतकी जिथे पोहोचायची होती तिथे जवळजवळ तंतोतंत पोहोचली होती.

“म्हणजे एका टक्क्याचा फरक. दीड सेंटीमीटर!” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळी हसली.

येथे थांबणे सोपे होते, आणि पुष्कळ जण येथेच थांबतात. मी थांबले नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी घडण झाली आहे, आणि त्या पद्धतीने मला एक शिस्त लावली आहे: समोरच्याचे समाधान चुकीच्या खांबावर टेकलेले दिसले, तर ते गोड मानून घेऊ नये.

“आणि तो फरक आठ सेंटीमीटरांचा निघाला असता तर?” मी विचारले.

तिचे हसू ओसरले. “तर मी बरोबर होते, असं झालं असतं.”

“कशाबाबत बरोबर?”

“की माझ्यात काहीतरी चुकलंय.”

हा शब्द आम्हाला पुढची तीन सत्रे पुरला. पाय लांब असते तर आवडले असते, ही इच्छा आहे, आणि तिच्यात काही वावगे नाही. पाय लांब असायलाच हवे होते आणि नाहीत म्हणजे कोणीतरी अपराधी आहे, ही मागणी आहे. इच्छा अपुरी राहिली तर माणसाला वाईट वाटते. मागणी अपुरी राहिली की माणूस आरोपी शोधू लागतो. केतकीने आधी आईला पिंजऱ्यात उभे केले होते, आणि आई सापडत नसे तेव्हा स्वतःच्या शरीराला.

या टप्प्यावर मी तिला वाढीचा क्रम समजावून दिला. तो येथेही देते, कारण मला येणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे या क्रमातच आहेत.

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते. प्रौढ माणसात ते सातव्या-आठव्या हिश्शावर येते. डोके लहान होत नाही, बाकीचे अंग त्याला मागे टाकते. जन्मतः बाळ सुमारे ५० सेंटीमीटर असते, पहिल्या वर्षात ते साधारण २५ आणि दुसऱ्या वर्षात साधारण १२ सेंटीमीटर वाढते, आणि पुढे वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटीमीटरांची संथ चाल लागते. या संथ वर्षांत धडापेक्षा पाय अधिक वेगाने वाढतात. मग वयात येण्याची झेप येते. मुलींमध्ये तिचा कळस सरासरी साडेअकरा-बाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी असतो. त्या झेपेतही क्रम असतो: आधी पावले, मग पाय, आणि शेवटी धड. चपला वर्षात दोनदा बदलाव्या लागल्या की आता उंची सुटणार, असे आजी म्हणत असे, ते निरीक्षण अगदी अचूक होते.

आता दोन भावंडे डोळ्यांसमोर आणावीत. जिची झेप लवकर आली, तिची पाय वाढण्याची संथ वर्षे कमी भरली. जो उशिरा वयात आला, त्याला अशी दोन-तीन वर्षे जास्त मिळाली. म्हणून लवकर वयात आलेल्यांचे पाय धडाच्या मानाने किंचित आखूड आणि उशिरा आलेल्यांचे किंचित लांब असण्याकडे कल असतो. पुरुष आणि स्त्रिया यांच्या सरासरी उंचीत जो सुमारे १३ सेंटीमीटरांचा फरक असतो, त्याचा मोठा भागही मुलांना मिळालेल्या या जादा वर्षांतून येतो. याच काळात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) मुलग्यांचे खांदे रुंदावतात आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे मुलींचा कटिभाग रुंद होतो, पण प्रत्येकाच्या अंगात या दोहोंचे प्रमाण आणि त्यांना मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो. रुंद खांद्यांच्या मुलीत काही पुरुषी शिरलेले नसते, आणि पोहण्याने तिची हाडे रुंदावलेली नसतात.

वाढ थांबते ती हाडांच्या टोकांजवळचा कूर्चेचा, म्हणजे मऊ आणि लवचिक ऊतीचा, थर हाडात मिसळून गेल्यामुळे, आणि ही आज्ञा मुलांमध्येही अखेर इस्ट्रोजेनच देते. १९९४ साली एका पुरुषाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, ज्याच्या शरीराला इस्ट्रोजेनची आज्ञा ऐकूच येत नव्हती. वयाच्या २८ व्या वर्षी तो २०४ सेंटीमीटर उंच होता, अजून वाढतच होता, आणि त्याच्या हाडांना ठिसूळपणा आला होता. केतकीला मी हे सांगितले, कारण ‘माझी वाढ मध्येच तुटली’ हे तिचे आवडते वाक्य होते. वाढ थांबणे हेदेखील शरीराने पार पाडलेले एक काम असते.

तिने सगळे ऐकून घेतले. तिला ते समजलेही. तरी आईचा विषय निघाला की तिचा आवाज घट्ट होत असे. माहितीने गाठ सैल झाली होती, सुटली नव्हती. मी आईंना बोलावले.

त्या आल्या त्या कडेवर दोर बांधलेली, पिवळी पडलेली एक जाड वही घेऊन. गिऱ्हाइकांच्या मापांची वही. मी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. “ताई, मी हिला मशीनवर बसवत होते. बायका म्हणायच्या, पाय मारूनच लवकर झालं हे. चौदा वर्षं मनात धरून आहे मी. हिच्या बाबांनासुद्धा बोलले नाही.”

केतकी आईकडे पाहत राहिली. आपण ज्या आरोपाची फाईल इतकी वर्षे जपली, तीच फाईल आईच्या कपाटातही होती, हे तिला ठाऊक नव्हते. मी आईंना प्रथम वैद्यकीय सत्य सांगितले: शिलाई मशीन चालवल्याने पाळी लवकर येत नाही, आणि दहाव्या वर्षी पाळी येणे सरासरीच्या अलीकडचे असले, तरी तो आजार नव्हे.

“वही कशासाठी आणलीत?” मी विचारले.

“गौरी-गणपतीला दर वर्षी हिला खणाचं परकर-पोलकं शिवायचे. ती मापं आहेत यात. म्हटलं, तुम्हाला बघायची असतील.”

त्या वहीने जे केले, ते माझ्या सहा सत्रांनी केले नव्हते. परकराची उंची म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी, म्हणजे जवळजवळ पाय. पोलक्याची उंची म्हणजे धड. आठव्या वर्षी परकर साडेअठ्ठावीस इंच. दहाव्या वर्षी साडेबत्तीस. दोन वर्षांत चार इंच, आणि पोलके त्या काळात जेमतेम इंचभर वाढलेले. पुढल्या दोन वर्षांत उलट: परकर दीड इंचाने, पोलके दोन इंचांनी. बाराव्या वर्षी परकर चौतीस. तेराव्या वर्षी साडेचौतीस, आणि त्यानंतर तोच आकडा. मी जो क्रम पुस्तकातून सांगत होते, तो त्या माउलीने निळ्या शाईत, वर्ष घालून लिहून ठेवला होता. अठराव्या शतकात फ्रान्समधील माँबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची अठरा वर्षे नियमाने मोजली, आणि वाढीच्या अभ्यासात त्या नोंदीला आजही मानाचे स्थान आहे. नारायण पेठेतील ही वही पाहताना मला ती नोंद आठवली, आणि त्या दोघींना ती सांगताना माझा आवाज भरून आला होता, हे मी लपवत नाही.

प्रत्येक मापापुढे आणखी एक शब्द होता: ‘दुमड २’. वाढत्या अंगाचे म्हणून आत दोन इंच कापड जादा ठेवलेले, पुढच्या वर्षी उसवून लांब करण्यासाठी. केतकीचे बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होते. चौदाव्या वर्षाच्या ओळीवर ते थांबले. तेथे लिहिले होते, ‘दुमड नको’.

“तुला तेव्हाच कळलं होतं?” तिने विचारले.

“शिवणाऱ्या बाईला कळतं गं. आदल्या वर्षीची दुमड उसवावी लागली नाही. लिहिताना हात थांबला होता माझा.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? तू त्या परकरात किती छान दिसत होतीस.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग केतकी म्हणाली, “मी समजत होते की तू बघितलंच नाहीस.”

त्या वाक्याने माझीही एक समजूत दुरुस्त झाली. केतकीचे दुःख आखूड पायांचे आहे, असे मी चार महिने धरून चालले होते. तिची खरी तक्रार अशी होती की, शरीर इतक्या वेगाने बदलत असताना तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. दहा वर्षांच्या मुलीला वर्गात सर्वांत आधी पाळी येते, ती मैत्रिणींपासून तुटते, घरात एक कापडी पिशवी आणि चार सूचना मिळतात, आणि विषय संपतो. पुढे रांगेतील जागा बदलते, तेव्हाही कोणी काही म्हणत नाही. या मौनातून मूल स्वतःच अर्थ काढते, आणि मुलांनी एकट्याने काढलेला अर्थ बहुतेक वेळा ‘माझ्यात काहीतरी चुकले’ असाच असतो. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी आधी हे विचारते: तुम्ही वाढत होता, तेव्हा त्याविषयी तुमच्याशी कोण बोलले? बहुतेक जण गप्प होतात.

म्हणून पालकांना माझे पहिले सांगणे असे की, मुलीशी आठव्या वर्षापर्यंत आणि मुलाशी नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत हा विषय एकदा तरी मोकळेपणाने झालेला असावा. काय क्रमाने घडते हे सांगावे, आणि वर्गातील दुसऱ्याचे घड्याळ वेगळे असते हेही सांगावे. जी मुलगी आज सर्वांत उंच आहे, तिला उद्या मैत्रिणी गाठतील, हे आधी माहीत असले तर रांगेत पुढे येणे तिला शिक्षा वाटत नाही. उशिरा वाढणाऱ्या मुलग्याला तर याची दुप्पट गरज असते, कारण त्याची चेष्टा खेळाच्या मैदानावर रोज होत असते.

काही गोष्टी मात्र बोलण्यावर सोडू नयेत. मुलीमध्ये आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसू लागली, किंवा मुलामध्ये नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची चिन्हे दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. केतकीने वाचलेली इंजेक्शने अशा काही मुलांसाठी असतात. उलट, मुलीत तेराव्या आणि मुलात चौदाव्या वर्षापर्यंत काहीच चिन्ह नसेल, किंवा वयाच्या चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंतच्या काळात उंची वर्षाला पाच सेंटीमीटरही वाढत नसेल, तरीही दाखवावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली सुधारलेले, ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते आता उपलब्ध आहेत. वर्षातून दोनदा उंची मोजून त्यावर ठिपका देणे हे घरातील कोणालाही जमेल असे काम आहे.

पाय लांब होण्यासाठी घरच्यांच्या हाती जे असते, ते बरेचसे पहिल्या काही वर्षांत असते. १९५७ ते १९७७ या वीस वर्षांत जपानी लोकांची जी उंची वाढली, ती जवळजवळ सगळी पायांत वाढली. ग्वाटेमालातील माया कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर त्यांची मुले ग्वाटेमालातच राहिलेल्या माया मुलांपेक्षा सुमारे ११ सेंटीमीटर उंच झाली, आणि त्यातील जवळपास ७ सेंटीमीटर पायांचे होते. पुरेसा आहार, स्वच्छ पाणी आणि वारंवारच्या आजारांतून सुटका यांचा हा परिणाम. ज्या काळी हे घरोघरी मिळत नव्हते, त्या काळच्या आयांना मात्र यासाठी दोषी धरू नये.

‘हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेले’ म्हणणाऱ्या तरुणांना मी आपल्याच जिल्ह्यातील एका अभ्यासाविषयी सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो होते; पण या बारीक बाळांच्या अंगावर स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची ही ठेवण जन्माच्या आधीपासूनची आहे. ती लाजेची गोष्ट नाही, पण पुढे मधुमेहाकडे नेणारी असू शकते, म्हणून अशा तरुणांनी आरशाऐवजी चालणे, स्नायूंचा व्यायाम आणि रक्तातील साखर यांकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगते.

उंची वाढवणाऱ्या भुकट्या, बारला लटकणे, दोरीवरच्या उड्या यांविषयीही एकदा स्पष्ट लिहिते. कूर्चेचा थर मिटल्यावर यांपैकी कशानेही हाड लांब होत नाही. सकाळी उठल्यावर आपण सगळेच संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंच असतो, कारण रात्रभरात मणक्यांमधील चकत्या पुन्हा फुगतात. जाहिरातीतील ‘आठवड्यात फरक’ पुष्कळदा एवढाच असतो. आणि योग्य देखरेखीखाली केलेल्या जिममुळे उंची खुंटते, ही भीतीही मनातून काढून टाकावी.

केतकीने फोटो काढला. तिने तो स्वतःहून मला दाखवला, तेव्हा मी त्यात पाय पाहिले नाहीत, असे म्हणणे खोटे ठरेल. आईने शिवलेली सलवार होती. “माप घेतलं परवा,” ती म्हणाली. “अजून साडेचौतीसच.”

तिची सत्रे संपल्यावर साधारण वर्षाने तिच्या आईंचा फोन आला. एक गिऱ्हाईक बाई मुलीचा फ्रॉक शिवायला आल्या होत्या आणि माप देताना हळू आवाजात काही सांगून रडू लागल्या होत्या. “मी मुलीचं वय विचारलं, ताई. साडेसात. म्हणून म्हटलं, हे माझ्या मुलीसारखं नाही, तुम्ही आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. आज संध्याकाळचीच वेळ घेऊन दिली. बरोबर केलं ना?”

अगदी बरोबर केलेत, मी म्हटले, आणि फ्रॉक शिवताना तिच्याशी बोलायलाही विसरू नका.